परिचारिकांच्या वेळेसाठी साहाय्याचे आवाहन

सर्व हितचिंतकांस सविनय नमस्कार.

रुग्णालय साहाय्य समितीचे हे आवाहन नव्या इमारतीसाठी नाही आणि मोठ्या यंत्रासाठीही नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट केलेले बरे. आम्ही मदत मागत आहोत ती परिचारिकांच्या वेळेसाठी. इमारतीला देणगी दिली की भिंतीवर नावाची पाटी लागते. वेळेला पाटी लावता येत नाही, म्हणूनच की काय, या कामासाठी फारसे कोणी पुढे येत नाही.

वेळेचा हिशेब साधा आहे. रात्रपाळीला २४ रुग्णांमागे एकच परिचारिका असेल, तर आठ तासांच्या ४८० मिनिटांतून प्रत्येक रुग्णाच्या वाट्याला २० मिनिटे येतात. ज्याला स्वतःहून हलता येत नाही, अशा रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाडावर, टाचांवर आणि खुब्यावर दाब पडून जखमा होतात. चादरीची सुरकुती काढणे, कातडी लाल झाली आहे का ते पाहणे, उशी नीट लावणे हे सगळे धरून एका वेळेस पाच मिनिटे लागतात असे मानले, तरी पाळीतल्या चार खेपांतच त्याची २० मिनिटे संपतात. औषधे, सलाईन, रक्तदाब आणि नोंदी अजून व्हायच्याच असतात. शिवाय कूस बदलायला दोन माणसे लागतात. दुसरे माणूस नसले की परिचारिका एकटीच जोर लावते आणि स्वतःची कंबर दुखावून घेते, किंवा शेजारच्या वॉर्डातली सिस्टर मोकळी होण्याची वाट पाहते. त्यातच रक्तदाब मोजण्याच्या यंत्राचा पट्टा फाटलेला निघाला, तर दुसरे यंत्र आणायला जाण्यात आणखी काही मिनिटे जातात. मनुष्यबळाची टंचाई आणि साधनांची टंचाई आपण कागदावर वेगवेगळी मांडतो, पण वॉर्डात त्या दोन्ही एकाच सिस्टरच्या पायांवर येऊन पडतात.

अशा वेळी जे नोंदवहीत दिसत नाही तेच काम आधी सुटते. इंजेक्शन चुकत नाही. पण कोरडे पडलेले ओठ ओले करणे, घाबरलेल्या रुग्णाजवळ दोन मिनिटे बसणे, घरी जाणाऱ्याला कोणती गोळी कधी घ्यायची ते नीट समजावणे राहून जाते, आणि त्यातलाच एखादा रुग्ण पुन्हा दाखल होतो.

याचे मोजमापही झालेले आहे. परिचर्येच्या संशोधक लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पेनसिल्वेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, असे त्यात आढळले. त्याच अभ्यासातला दुसरा आकडा आम्हाला तितकाच महत्त्वाचा वाटतो: त्याच एका जादा रुग्णामुळे परिचारिका कामाने पूर्णपणे खचून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी वाढते. खचलेली परिचारिका नोकरी सोडते, तिचे रुग्ण उरलेल्यांच्या वाट्याला येतात, आणि मग त्यांतलीही एखादी राजीनामा देते. टंचाईच टंचाई वाढवते ती अशी.

बाहेरची कारणेही आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार २०२३ मध्ये जगात २ कोटी ९८ लाख परिचारिका होत्या आणि तरीही ५८ लाखांची उणीव होती. मुख्य अडचण वाटणीची आहे: ७८ टक्के परिचारिका ज्या देशांत आहेत, तेथे जगाची जेमतेम निम्मी लोकसंख्या राहते. सात परिचारिकांपैकी एक जन्मदेशाबाहेर काम करते. चांगल्या पगारासाठी जाणारीला दोष देण्यात अर्थ नाही. अनुभवी परिचारिका निवृत्त होतात आणि शिकवायला पुरेसे शिक्षक नसल्याने नव्या तितक्या वेगाने तयार होत नाहीत. अनेक ठिकाणी मंजूर पदेसुद्धा खर्च वाचवण्यासाठी रिकामी ठेवली जातात. कायदा करणे किंवा पदे भरणे समितीच्या हाती नाही. आहेत त्या परिचारिका टिकवणे मात्र काही अंशी आहे.

म्हणून जमा होणाऱ्या निधीचा मोठा भाग प्रशिक्षित वॉर्ड सहायकांच्या मानधनासाठी ठेवण्याचे समितीने ठरवले आहे, कारण कूस बदलणे, रुग्णाला उचलणे आणि स्वच्छता राखणे यांसाठी तो दुसरा माणूस रोज, ठरलेल्या पाळीला हवा असतो. उरलेल्या निधीतून प्रत्येक वॉर्डाला स्वतःचे रक्तदाब यंत्र, जास्तीचे पट्टे, तापमापक, सरक-चादरी (रुग्णाला न उचलता सरकवण्याच्या गुळगुळीत चादरी) आणि हातमोजे पुरवले जातील. परिचर्येच्या विद्यार्थ्यांना विद्यावेतनही द्यायचे आहे. त्यांच्याकडून सेवेचे बंधपत्र लिहून घ्यावे का, यावर समितीत बराच वाद झाला. अडकवून ठेवलेली परिचारिका मनाने आधीच गेलेली असते, या मताला अखेर बहुमत मिळाले. वापरलेली यंत्रे किंवा मुदत संपत आलेली औषधे कृपया पाठवू नयेत. ती निवडून बाजूला काढण्यातही परिचारिकेचाच वेळ जातो.

निवृत्त परिचारिकांना आमची खास विनंती आहे. नव्याने रुजू झालेल्या मुलींना पहिल्या काही महिन्यांत बाजूला उभे राहून धीर देणारे अनुभवी माणूस मिळाले, तर त्यांतल्या कित्येक टिकतील. ज्यांना पैशाने मदत शक्य नाही, त्यांनी स्वयंसेवक म्हणून नाव द्यावे. तपासणीचे नमुने प्रयोगशाळेत पोहोचवणे, नातेवाइकांना वाट दाखवणे, भांडारातून सामान आणणे आणि एकट्या रुग्णाजवळ बसणे ही कामे थोड्या माहितीवर करता येतात. औषध, सलाईन आणि भरवणे यांना मात्र सिस्टरने सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही, ही अट सर्वांना सारखी लागू राहील.

प्रत्येक देणगीची पावती दिली जाईल आणि जमाखर्च दर तीन महिन्यांनी समितीच्या फलकावर लावला जाईल. स्वयंसेवकांनी आपल्याला जमणारे वार आणि वेळ कार्यालयात लेखी द्यावेत. सकाळच्या पाळीसाठी नावे येऊ लागली आहेत. पहाटे दोन ते पाच या वेळेसाठी अजून एकही आलेले नाही.

आपली नम्र,
रुग्णालय साहाय्य समिती