बिझनेस स्कूलला निवड झालेल्या मुलांसाठी फिरता निधी : कोरेगावकरांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

कोरेगाव आणि आसपासच्या गावांतली मुले-मुली आता एमबीएसाठी चांगल्या संस्थांत निवडल्या जाऊ लागल्या आहेत. कुणी कॅट ही आयआयएमसारख्या संस्थांची प्रवेश परीक्षा देते, कुणी राज्याची प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी. यातली बरीच मुले आपल्या वाचनालयाच्या अभ्यासिकेत बसून अभ्यास करतात, म्हणून त्यांची धडपड आम्ही जवळून पाहतो. निवड होईपर्यंत सगळे त्यांच्या हातात असते. निवडीचे पत्र आल्यानंतरचे काही दिवस मात्र पैशाचे असतात आणि मुले अडतात ती तिथेच. त्या दिवसांसाठी वाचनालयाने बिनव्याजी फिरता निधी उभारायचे ठरवले आहे.

अडचण नेमकी कुठे येते, ते सविस्तर सांगायला हवे. कारण ‘शैक्षणिक कर्ज मिळते की’ असे अनेकजण आम्हाला म्हणतात, आणि ते खोटे नाही. कॅट नोव्हेंबरअखेर होते, मग मुलाखती, एप्रिल-मेच्या सुमारास पत्र, आणि जूनच्या आसपास वर्ग सुरू. आयआयएमच्या जुन्या संस्थांत दोन वर्षांचा खर्च वीस लाखांच्या पुढे जातो. एवढे कर्ज बँका देतात, नामांकित संस्था असेल तर पुष्कळदा तारणाशिवायही देतात. पण जागा राखण्याची रक्कम आणि फीचा पहिला हप्ता भरायची मुदत थोड्या दिवसांची असते, आणि कर्जाचे कागद त्या मुदतीत होत नाहीत.

उत्पन्नाचा जुना दाखला ३१ मार्चला संपतो, म्हणजे ऐन गरजेच्या वेळी नवा काढावा लागतो. तलाठ्याचा अहवाल, तहसील कचेरी, मध्ये दोन सुट्ट्या. वडील शेतकरी, शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, म्हणून घरात विवरणपत्रच नसते, आणि बँक पहिल्यांदा तेच मागते. सोसायटीचे पीककर्ज एखाद्या वर्षी थकलेले असेल तर सहकर्जदार वडिलांचे सिबिल, म्हणजे कर्जफेडीची नोंद, आडवे येते. शेतजमीन शैक्षणिक कर्जाला तारण म्हणून घ्यायला बँका सहसा राजी नसतात. आल्याच्या पिकाचा दर पडलेल्या वर्षी घरात रोख रक्कम असण्याचा प्रश्नच नाही. मग आईचे दागिने गहाण पडतात, नाहीतर सावकाराकडून महिना तीन टक्क्यांनी पैसे उचलले जातात. बँकेचे कर्ज पुढे मंजूर होतेच, पण सावकाराचे व्याज तोवर मागे लागलेले असते. काही घरे एवढा धोका पत्करत नाहीत. तिथे मुलगी असेल तर ‘पुढच्या वर्षी बघू’ हे उत्तर फार लवकर येते, आणि पुढचे वर्ष सहसा येत नाही. हे आम्हाला सहन होत नाही.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएम विद्यालक्ष्मी योजनेला मंजुरी दिली. निवडक संस्थांत गुणवत्तेवर प्रवेश मिळाला तर तारण आणि जामीनदार नसतानाही कर्ज मिळते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर, परतफेडीचे हप्ते सुरू होईपर्यंतच्या काळात, व्याजात ३ टक्के सवलत मिळते. राज्यात सीईटीतून केंद्रीभूत प्रवेश घेणाऱ्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास), आर्थिक दुर्बल अशा प्रवर्गांतल्या मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण व परीक्षा शुल्क माफ आहे. या योजना चांगल्या आहेत. त्यांचे अर्ज भरून द्यायला वाचनालयात दर रविवारी सकाळी माणूस बसेल. पण पुण्या-मुंबईतल्या खोलीचे डिपॉझिट, मेस आणि लॅपटॉप यांना शुल्कमाफी पुरत नाही, आणि कर्ज हातात पडेपर्यंत संस्था थांबत नाही.

निधीचे उद्दिष्ट १५ लाख रुपये आहे. एका विद्यार्थ्याला जास्तीत जास्त दीड लाख. बँकेकडून कर्जाची रक्कम जमा झाली की जागा राखण्यासाठी उचललेली रक्कम परत. खोली-लॅपटॉपसाठी घेतलेली रक्कम नोकरी लागल्यावर दोन वर्षांत. व्याज नाही, जात-धर्माची अट नाही. व्यवस्थापन कोट्यातून, म्हणजे संस्थाचालकांच्या हातातल्या जागेवर, घेतलेल्या प्रवेशाला मात्र आम्ही पैसे देणार नाही. आणि प्रत्येक एमबीए कर्ज काढण्याच्या लायकीचे असते असेही आम्ही मानत नाही. फी किती, तिथून बाहेर पडलेल्या मुलांना खरोखर काय नोकऱ्या लागल्या, याची चौकशी समिती विद्यार्थ्याबरोबर बसून करील. जाहिरात पाहून घर कर्जात बुडवणाऱ्या पालकाला थांबवणे हेही आमचेच काम आहे.

एक आक्षेप मोकळेपणाने मांडला गेला : ज्याला उद्या लाखांचा पगार मिळणार, त्याला देणगी कशाला, त्यापेक्षा शाळेतल्या गरीब मुलाला द्या. शाळेच्या वह्या-पुस्तकांचा आपला निधी वेगळा आहे, त्यातला एक रुपयाही इकडे येणार नाही. उलट ही मुले फेडू शकतात, म्हणूनच हा निधी फिरता ठेवता येतो. तुमचे दहा हजार या जूनमध्ये एकाला उपयोगी पडतील आणि परत आले की दुसऱ्याला.

साताऱ्याला हे नवे नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले. तिथल्या मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. आपल्यापैकी कितीतरी जणांचे आजोबा-वडील रयतच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेतून शिकले. त्या काळी अडचण दोन वेळच्या अन्नाची होती, आज ती महिनाभराच्या उसनवारीची आहे.

पैशांइतकीच माणसांचीही गरज आहे. निवृत्त बँक अधिकारी आणि चार्टर्ड अकाउंटंट यांनी महिन्यातून एखादा रविवार कागदपत्रे तपासायला द्यावा. पुणे, मुंबईत राहणाऱ्या कोरेगावकरांनी नव्या मुलाला खोली मिळेपर्यंत आठवडाभर घरी ठेवून घ्यावे. एमबीए झालेल्यांनी मुलाखतीची तयारी करून घ्यावी. गावातल्या मुलाला गटचर्चेत पहिले वाक्य बोलायलाच जास्त धीर लागतो.

देणगी कितीही चालेल. दोन हजारांवरची रक्कम कृपया रोख न देता चेकने किंवा यूपीआयने द्यावी. क्यूआर कोड वाचनालयाच्या काउंटरवर लावला आहे, पावती तिथेच मिळेल. विद्यार्थ्याचे नाव जाहीर होणार नाही. जमाखर्च मात्र दर तीन महिन्यांनी फलकावर लागेल. पहिले अर्ज मार्चअखेर येतील, म्हणून देणगी फेब्रुवारीअखेरपर्यंत पोहोचवावी. नवा उत्पन्नाचा दाखला लागणाऱ्या पालकांनी एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात तलाठ्याकडे अर्ज द्यावा, मे उजाडायची वाट पाहू नये.

आपले नम्र,
कार्यकारिणी, सार्वजनिक वाचनालय, कोरेगाव (जि. सातारा)