पिशवीतली सफरचंदे: चिरंजीवास पत्र

नारायण पेठ, पुणे
कोजागिरीनंतरचा रविवार

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बाबांच्या हाती एक कापडी पिशवी पाठवली आहे. तिच्यात चार जातींची सफरचंदे आहेत. प्रत्येक जात वर्तमानपत्राच्या कागदात वेगळी गुंडाळून तिच्यावर नाव लिहिले आहे. परवा फोनवर तू म्हणालास, की नव्या ओव्हनमध्ये केलेला अ‍ॅपल पाय बिघडला, फोडींचा लगदा झाला, खालची पारी ओली राहिली आणि चवीला नुसती साखर लागली. तू सगळा दोष ओव्हनला दिलास. मी विचारले, की सफरचंद कोणते घेतले होतेस, तर तू म्हणालास, "लाल." तेव्हापासून हे पत्र मनात घोळते आहे. फोनवर हे सांगून भागणार नाही, म्हणून लिहिते. तूही चारही जातींची एकेक फोड समोर ठेवून वाच.

आंब्याच्या बाबतीत आपण असे कधी करत नाही. आपल्या घरात कुणी नुसते "आंबे आणा" म्हणत नाही. कापून खायला हापूस, रसाला पायरी, चोखायला रायवळ आणि लोणच्याला राजापुरी कैरी, हे तुला न शिकवता कळले, कारण लहानपणापासून तू ते ऐकत आलास. सफरचंद मात्र आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला जाताना न्यायचे किंवा सत्यनारायणाच्या पाच फळांत मांडायचे फळ म्हणून आले, आणि त्याची जात विचारण्याची सवय आपल्याला लागलीच नाही. हातगाडीवाला फार तर "सिमला" किंवा "काश्मिरी" म्हणतो. पण ती ठिकाणे झाली, जाती नव्हेत.

आपल्या बाजारात गोड लाल सफरचंदच एवढे का दिसते, यामागे एक हकिगत आहे. १९०४ साली फिलाडेल्फियाहून सॅम्युएल स्टोक्स नावाचा तरुण कुष्ठरोग्यांची सेवा करण्यासाठी हिमाचलाच्या डोंगरात आला, तिथलाच झाला आणि पुढे सत्यानंद स्टोक्स म्हणून ओळखला गेला. इंग्रजांनी त्याच्या आधीच कुलू भागात सफरचंदाच्या बागा लावल्या होत्या, पण त्यांच्या आवडीच्या जाती आंबट होत्या आणि आपल्या माणसांना त्या फारशा रुचत नव्हत्या. स्टोक्सने १९१६ च्या सुमारास अमेरिकेतून डेलिशस जातीची रोपे आणून कोटगढच्या बाजूला लावली, ती गोड फळे लोकांना आवडली आणि बघता बघता त्या डोंगरांचे अर्थकारण बदलले. त्याचे मोल मोठेच आहे. मात्र त्यामुळे सफरचंद म्हणजे गोडच असते, असा आपला समज झाला आणि स्वयंपाकाला लागणारे आंबट सफरचंद आपल्या मंडईत पाहुण्यासारखेच राहिले.

आता पहिली पुडी उघड. तिच्यावर मी "किन्नौर, रॉयल" असे लिहिले आहे. हेही डेलिशसच्याच कुळातले आहे. पण हिमाचलातल्या किन्नौर भागात, उंचावरच्या थंडीत पिकलेले, उशिरा उतरलेले आणि ताजे. आत्ता, म्हणजे सप्टेंबरअखेरपासून नोव्हेंबरपर्यंत, हे खावे. दाताखाली ते करकरीत तुटते आणि हनुवटीपर्यंत रस येतो. हेच फळ मार्चमध्ये घेतलेस, तर रंग असाच असेल, कदाचित अधिकच तुकतुकीत असेल, पण आत पिठूळ निघण्याची भीती असते. फळाच्या पेशी एकमेकींना पेक्टिनने चिकटलेल्या असतात, जशा जुन्या भिंतीत विटा चुन्याने सांधलेल्या असतात. साठवणीत तो चुना सैल पडतो. मग दात लावला, की पेशी फुटून रस बाहेर येण्याऐवजी त्या नुसत्या सुट्या होतात आणि तोंडात ओला भुसा आल्यासारखे वाटते. रस आतच असतो, पण जिभेला मिळत नाही.

लाल रंगावर विश्वास ठेवू नकोस, हे मी तळमळीने सांगते. अमेरिकेत रेड डेलिशसची जी कलमे अनेक दशके निवडली गेली, ती अधिकाधिक लाल फळे देणारी म्हणून. त्या नादात साल जाड होत गेली आणि चव मागे पडली. सफरचंद पारखताना त्याची सावलीकडची बाजू बघ, जिथे लाली पूर्ण चढलेली नसते. तिथला मूळ रंग गर्द हिरवा असेल तर फळ लवकर तोडलेले आहे, फिकट पिवळसर असेल तर ते झाडावर नीट भरलेले आहे. मग फळ तळहातावर घेऊन जोख. आकाराच्या मानाने जड लागले पाहिजे. देठाजवळ अंगठ्याने हलकेच दाब, तिथे दबले तर ठेवून दे. मी मंडईत नेहमी एकच फळ घेते, तिथेच फोड करून मागते आणि मगच किलोभर घेते. ओळखीचा फळवाला याला कधी नाही म्हणत नाही, आणि जो म्हणतो त्याच्याकडून मी घेत नाही.

दुसरी पुडी फुजीची आहे. जपानात रेड डेलिशस आणि राल्स जेनेट यांच्या संकरातून ही जात तयार झाली आणि १९६२ साली बाजारात आली. गोडीला रॉयलपेक्षा चढी, अंगाने घट्ट, आणि टिकाऊपणात तर फारच वरची. ऑफिसच्या डब्यासाठी, उन्हाळ्यात जेव्हा आपल्याकडचे फळ शिळे झालेले असते तेव्हा, हे घे. परदेशी फळावरच्या छोट्या चिकटपट्टीवर चार आकडे असतात. ४१३१ असेल तर ते मोठे फुजी आणि ४०१७ असेल तर मोठे ग्रॅनी स्मिथ. विक्रेत्याला नाव सांगता आले नाही, तरी तो आकडा सांगतो. गाला हीही खाण्याचीच जात आहे, आकाराने लहान आणि सालीला पातळ. मला ती बरी वाटते, त्यापलीकडे तिच्याविषयी सांगण्यासारखे काही नाही.

आता तिसरी पुडी, आणि हिच्यावर माझा जीव आहे. गोल्डन. लाल नाही म्हणून लोक हिला उचलत नाहीत, त्यामुळे गाडीच्या कोपऱ्यात ती पडून असते आणि बहुधा स्वस्तही मिळते. हिमाचलातल्या बागांत लाल डेलिशसच्या रांगांमध्ये गोल्डनची झाडे मुद्दाम लावतात, कारण सफरचंदाला फळ धरायला दुसऱ्या जातीचा पराग लागतो. म्हणजे तुझ्या त्या लाल सफरचंदाच्या जन्मालाही बहुतेक हिचाच हात लागलेला असतो. गाला आणि पिंक लेडी या दोन्ही जाती हिच्याच पोटच्या. साल इतकी पातळ, की शिजवताना काढली नाही तरी चालते. मधासारखा हलका वास. आणि आंबटपणा नावापुरता. तू आठ महिन्यांचा असताना तुझे पहिले फळ हेच होते. कुकरच्या भांड्यात फोडी वाफवून, पुरणाच्या चाळणीतून काढून, चांदीच्या वाटीतून मी तुला भरवत असे, आणि त्यात साखरेचा दाणाही घालावा लागत नसे.

शिरा करायचा तर गोल्डनचाच कर. एक वाटी रवा तुपात खमंग भाजून बाजूला ठेव. त्याच कढईत चमचाभर तूप घालून एक वाटी सफरचंदाचा किस पाणी आटेपर्यंत परत. किस पारदर्शक दिसू लागला आणि कढईच्या कडेला तूप सुटले, की रवा आणि उकळते पाणी घाल, वाफ आण आणि मग पाऊण वाटी साखर. किस आधी परतला नाही तर शिरा चिकट होतो. वेलची अगदी कमी घाल, नाहीतर सफरचंदाचा वास दबून जातो.

चौथ्या पुडीत हिरवे ग्रॅनी स्मिथ आहे. १८६८ च्या सुमारास सिडनीजवळ मारिया अ‍ॅन स्मिथ या वयस्क बाईंच्या बागेत, टाकून दिलेल्या बियांतून आपोआप उगवलेल्या रोपाला हे फळ धरले, असे सांगतात. हापूसच्या कोयीतून जसा हापूस येईलच असे नसते, तसेच सफरचंदाच्या बीतून काय निघेल ते सांगता येत नाही. म्हणून आज जगात जिथे जिथे ग्रॅनी स्मिथ आहे, ते त्या एका झाडाच्या कलमांचे वंशज आहे. याची फोड चाखलीस की दात आंबतील. तुझ्या अ‍ॅपल पायमध्ये नेमके हेच कमी होते.

ओव्हनच्या उष्णतेत पेक्टिनचा तो चुना विरघळतो आणि फोड ढासळते. आम्ल असले तर हे विरघळणे बऱ्याच अंशी मंदावते, शिवाय साखर आणि लोण्याच्या गर्दीतही फळाची चव जिवंत राहते. रेड डेलिशसमध्ये आम्ल फार कमी असते, त्यामुळे भाजल्यावर उरते ती नुसती गोडी आणि लगदा. तरीही आंबट ते टिकणारच, असा सरसकट नियम धरू नकोस. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमशायरमधल्या साउथवेल या गावी १८०९ साली पेरलेल्या बीपासून ब्रॅम्ली नावाची जात आली. ती अतिशय आंबट असूनही शिजताच फुगून मऊ होते आणि तिकडच्या लोकांना सारण तसेच मऊ आवडते. तू ज्या इंग्रजी कृतीवरून पाय केलास, तिच्यातले साखरेचे माप बहुधा अशाच आंबट सफरचंदासाठी ठरवलेले असणार. ते माप तू आपल्या गोड लाल सफरचंदाला लावलेस, मग चवीला साखरच लागणार.

मी करते ते प्रमाण देते. चार हिरवी आणि दोन गोल्डन, म्हणजे साधारण एक किलो. हिरव्याच्या फोडी जाडसर ठेवायच्या, त्या आकार धरतात. गोल्डनच्या पातळ, त्या अर्धवट विरघळून मधली जागा भरतात आणि वासही देतात. शंभर ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ आणि दालचिनीची पूड चोळून अर्धा तास ठेव. तेवढ्यात भांड्याच्या तळाशी वाटीभर पाणी सुटलेले तुला दिसेल. तुझी पारी ओली राहिली ती याच पाण्याने. ते निथळून वेगळे आटव, पाकासारखे दाट झाले की चमचाभर कॉर्नफ्लोअर लावलेल्या फोडींवर परत ओत आणि मगच सारण भर. ओव्हन आधी २०० अंशांवर पूर्ण तापवून वीस मिनिटे, नंतर १८० वर आणून पस्तीस-चाळीस मिनिटे. सुरी खुपसून बघ. हिरव्या फोडीत ती सहज शिरली पाहिजे, पण फोड तुटता कामा नये. काढल्यावर दोन तास तरी कापू नकोस, सारण निवताना घट्ट होते.

हिरवे सफरचंद दुधाजवळ मात्र नेऊ नकोस. आजोबांच्या पंचाहत्तरीला मी चार लिटर दूध आटवून रबडी केली होती आणि शोभा यावी म्हणून हिरव्या सफरचंदाचा किस गरम रबडीत घातला. डोळ्यांदेखत रबडी फाटली. पाहुणे बाहेर बसले होते आणि मी कढईपाशी उभी होते, ते अजून आठवते. रबडीला किंवा खिरीला गोल्डन नाहीतर फुजी घे, किस तुपात परतून पूर्ण गार कर, आणि दूधही गार झाल्यावरच दोन्ही एकत्र कर.

कैरीचा हंगाम नसताना मेथांब्याची आठवण झाली, तर हेच हिरवे सफरचंद कामाला येते. फोडणीत मेथीदाणे लालसर होऊ दे, हिंग, हळद, मग सालीसकट फोडी, तिखट, मीठ आणि गूळ. कैरीइतका आंबटपणा नसल्यामुळे गूळ निम्माच घाल, आणि पाच-सहा मिनिटांत उतरव. डाळिंबाचे दाणे घालून दह्यातली कोशिंबीर करायची असेल तर मात्र किन्नौरचे करकरीत फळ हवे, आणि फोडी दह्यात लगेच टाकायच्या म्हणजे काळ्या पडत नाहीत.

ठेवण्याबद्दल एवढेच, की ऑक्टोबरच्या या उकाड्यात सफरचंदे टेबलावरच्या परडीत मांडून ठेवू नकोस; आठवड्यात पिठूळ होतील. फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात, भोके पाडलेल्या पिशवीत ठेव, आणि कोथिंबीर-पालक त्यांच्यापासून दूर असू दे, कारण सफरचंदातून इथिलीन वायू सुटतो आणि त्याने पालेभाजी पिवळी पडते. कच्ची केळी पिकवायची असतील तर तोच वायू उपयोगी पडतो.

गोल्डनपैकी एकाला देठाशी डाग आहे, ते आजच कापून खा, नाहीतर शेजारची लागतील. हिरवी सहा दिली आहेत, म्हणजे पायला चार लागून दोन मेथांब्याला उरतील. पुढच्या रविवारी येताना पायचा तुकडा डब्यात घालून आण, आणि पिशवी आठवणीने परत आण. ती आजीच्या हातची शिवलेली आहे.

तुझी,
आई