शुभे, बाई उटीला निघाल्यात

प्रिय शुभे,

शिव्या नंतर घाल, आधी वाच. आम्ही सगळे ठीक. माझी शुगर गोळीवर आहे, ह्यांची कंबर आहे तशीच. फोनवर बोलता आलं असतं पण आई दिवसभर हॉलमध्येच असते आणि हे तिच्यासमोर बोलण्यासारखं नाही, म्हणून टाइप करत बसलेय.

तर तुझ्या बाईंना, म्हणजे माझ्या आईला, उटीला जायचंय. उटीला म्हणजे उटी बघायला नाही गं, उटीच्या गाडीत बसायला. आठवतंय ना, भूगोलाच्या तासाला फळ्यावर दोन रूळ काढायची, मधे इंजिनाचं दातेरी चाक अडकावं म्हणून दात्यांची पट्टी काढायची, आणि तू मागून ओरडलीस, "बाई, ही सुताराची गाडी का?" आणि उरलेला तास वर्गाबाहेर काढलास. तेच दाते. वर्षानुवर्षं शिकवले पण डोळ्यांनी कधी बघितले नाहीत. परवा रात्री जेवताना एकदम म्हणाली, मला ते बघायचेत, आणि आता फार थांबण्यात अर्थ नाही. झालं. दादाने लगेच हो म्हणून टाकलं. त्याचं काय जातंय, तो तिकडे बसलाय, न्यायचं मी.

मग मी जो कोणी जाऊन आलाय त्याला धरून विचारायला लागले. अगं काय लोक सल्ले देतात! एक म्हणतो वर जाताना डावीकडची खिडकी घ्या, दरी तिकडेच. दुसरा म्हणतो काही नाही हो, २०८ वळणं आहेत, दोन्हीकडून सगळं दिसतं. एक म्हणतो सगळ्यात पुढचा डबा बघा, कारण चढताना इंजिन मागून ढकलतं, पुढे धूर नाही आणि समोर सगळं मोकळं. कोणी म्हणतो फर्स्ट क्लासच, कोणी म्हणतो सेकंडमध्येच मजा. तिकीट शोधताना उटी नाही, उदगमंडलम टाकायचं. ऑक्टोबर ते डिसेंबर जाऊ नका, तिकडचा पाऊस तेव्हा असतो, दरडी कोसळतात आणि गाडी रद्द होते, हे मात्र झाडून सगळ्यांनी सांगितलं. म्हणून जानेवारी ठरवला. माकडांपासून खाण्याचा डबा सांभाळा हेही झालं.

सगळं सांगितलं, फक्त एक सोडून. त्या डब्यांत टॉयलेटच नाही. आणि डबे एकमेकांना आतून जोडलेलेही नाहीत, बसलात की पुढचं स्टेशन येईपर्यंत तिथेच. सकाळी ७.१० ला पायथ्याच्या मेट्टुपाळयमहून निघते, बारा वाजता वर. ४६ किलोमीटरला जवळजवळ पाच तास. हे मला आमच्या ऑफिसातल्या एका मॅडमनी सांगितलं, त्या सासूबाईंना घेऊन गेल्या होत्या, आणि सांगितलं ते पण कँटीनमधून बाजूला नेऊन, हळू आवाजात, जसं काही माझं लफडं कळलंय त्यांना. इतक्या पुरुषांना विचारलं, एकाच्याही डोक्यात आलं नाही. येईल कशाला!

आता तू म्हणशील त्यात काय, पाच तास तर आहेत. पण शुभे, तुला माहितीये ना ती काय करते. ती पाणीच पीत नाही. प्रवास असला की आदल्या संध्याकाळपासून बंद. शाळेत काय होतं ते तू बघितलंयस, हॉलच्या मागचं ते एक, कडी नसलेलं, आणि सगळ्या बाई मिळून एक. सकाळी घरून निघायची ती थेट दुपारी घरी येऊन. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी शरीराला तीच शिस्त. मावशीकडच्या लग्नाला बसने गेलो तेव्हा उतरताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन खाली बसली, नंतर इन्फेक्शन, ताप, आठवडा गेला. डॉक्टरांनी विचारलं पाणी किती पिता, तर म्हणे "भरपूर". माझ्यासमोर! आणि मी गप्प. तू मला नेहमी म्हणतेस की मी अजून तिच्या वर्गात बसते, बसते बाई, काय करू. त्यावरून आपण किती भांडलोय, आता परत नको.

आणि वर जानेवारी. उटीला तेव्हा पहाटे दंव पडतं म्हणे. थंडीत तर अजूनच जावं लागतं, म्हणजे ही अजूनच पिणार नाही. २२०० मीटरवर पोचणार कोरड्या घशाने.

मी हळूच म्हटलं, आपण नुसतं वाटेतल्या कुन्नूरपासून उटीपर्यंत करू का, तासा-सव्वातासाचा मामला आहे, गाड्याही दिवसात बऱ्याच असतात. तर म्हणाली, "दाते कल्लारपासून कुन्नूरपर्यंतच आहेत. म्हणजे लग्नाला जायचं आणि नुसता आहेर देऊन परत यायचं." वाफेचं इंजिनही कुन्नूरपर्यंतच, पुढे डिझेल. तिला सगळं पाठ आहे, चढ दर १२ फुटांना १ फूट, दात्यांच्या पट्ट्या एक नाही दोन, शेजारी शेजारी, आणि दाते मागेपुढे, म्हणजे एक तरी कायम अडकलेला राहतो. १८९९ ला कुन्नूर, १९०८ ला उटी, हे मला जेवताना परत ऐकवलं. मग उतरताना करू म्हटलं, दुपारी दोनला उटीहून निघते, साडेतीन तासांत खाली. त्यावर नुसतं बघितलं माझ्याकडे. तो चष्म्यावरून बघायचा प्रकार. चढायचंच आहे तिला.

तुझ्या माथेरानची आठवण झाली मधेच. एक खिडकी, दोघी, आणि तू "मला उलटी होते" असं खोटं सांगून ती बळकावलीस, आणि मग बोगद्याचं नाव 'वन किस टनेल' आहे हे कळल्यावर कशी लाल झालीस, कारण समोर कोण बसला होता! तिथे एकच बोगदा होता. इथे सोळा आहेत आणि आपलं वय निघून गेलं.

बरं, तुझं काय चाललंय? नेहाचं ॲडमिशन झालं का? फ्लॅटचं पझेशन मिळालं की बिल्डर अजून "पुढच्या महिन्यात"च आहे? सासऱ्यांचं ऐकलं, वाईट वाटलं, त्याबद्दल सावकाश बोलू.

तर त्या कँटीनवाल्या मॅडम म्हणाल्या, हिलग्रोव्हला गाडी थांबते, इंजिनात पाणी भरतात, तेवढ्यात उतरून जाऊन यायचं, सोय आहे. नंतर कुन्नूरला इंजिन बदलतात, तिथेही वेळ मिळतो. म्हणजे इंजिन वाटेत थांबून पाणी पिणार आणि आमची बाई शेजारी कोरडी बसून त्याचं कार्य समजावून सांगणार. मी "आई, चल ना जाऊन येऊ" म्हटलं की उत्तर ठरलेलं, "मला नाही गरज, तू जा." दादासमोर तर विषयच नको.

आणि इथे तू येतेस. आठव, शाळेत कुठल्या मुलीला जायचं असलं की ती स्वतः बरोबर यायची, दाराला हात लावून बाहेर उभी राहायची, कडी नव्हती म्हणून. स्वतःसाठी कधी गेली नाही पण आपल्यासाठी कायम. तू हिलग्रोव्हला उतरायचंस आणि म्हणायचं, बाई, मला एकटीला जायची भीती वाटते, माकडं आहेत, चला ना. येईल ती. तुझ्याबरोबर नक्की येईल. आणि एकदा तिथपर्यंत गेली की पुढचं होतंच. गाडीत बसल्यावर घोट घोट पाणीही तूच पाजायचं, तुला ती नाही म्हणत नाही, मला म्हणते.

रजा काढ. तीन-चार दिवसांची. कोईमतूरपर्यंत तू तुझ्याकडून ये, आम्ही इकडून येतो, पुढे एकत्र. या गाडीची तिकिटं उघडल्या उघडल्या संपतात म्हणून उद्या रात्रीपर्यंत कळव, तीन काढते. आधारवरचं वय पाठव, सीनियर सिटिझन व्हायला अवकाश आहे, उगाच वाढवून सांगू नकोस. आणि खिडकी आईची. तुझी उलटी मी बघून घेईन.

तुझी,
मंजू