डेफ कॉनमधल्या त्या सोल्डरिंगवाल्या बाई आणि लाल टीशर्टवाल्या दादांना थँक्यू

नावं माहीत नाहीत, तिथे कोणी फारसं विचारतही नाही, म्हणून इथेच लिहितोय. लास वेगासला १९९३ पासून भरणाऱ्या डेफ कॉनला, म्हणजे हॅकर लोकांच्या संमेलनाला गेलो होतो. प्रवेशाचा बॅज इलेक्ट्रॉनिक होता, आत कोडी लपवलेली, अनोळखी लोकं घोळका करून ती सोडवत बसतात, मला तर त्यातच सगळ्यात जास्त मजा येते. गर्दीत कोणाचा तरी धक्का लागला, बॅज पडला आणि बॅटरीचा होल्डर तुटला तो खालचा तांब्याचा पॅड घेऊनच. रडायलाच आलं.

लाल टीशर्टवाले म्हणजे तिथले स्वयंसेवक, त्यांना गून म्हणतात. त्यातल्या एकांनी माझा चेहरा बघितला आणि थेट सोल्डरिंगच्या, म्हणजे धातू वितळवून जोडकाम करायच्या टेबलापर्यंत आणून सोडलं. तिथल्या बाईंनी भिंगाखाली तुटलेली ट्रेस, म्हणजे बोर्डवरची तांब्याची रेघ शोधली, ब्लेडने वरचा रंग हळूच खरवडला, तांबं उघडं केलं, सोल्डर नीट धरावं म्हणून फ्लक्स लावला, केसाएवढी बारीक तार कापली, आणि मग सोल्डरिंग आयर्न चक्क माझ्या हातात दिलं! "आधी तांबं तापू दे, मग सोल्डर लाव." माझा हात थरथरत होता तर त्यांनी बोर्ड दोन बोटांनी घट्ट धरून ठेवला, मागे लाईन लागलेली तरी अजिबात घाई केली नाही. दिवे लागले तेव्हा अख्खं टेबल ओरडलं. उरलेली तारही त्यांनी दिली, परत तुटलं तर असू दे म्हणून.

संध्याकाळी तेच गून दादा दिसले, लांबूनच विचारलं, "चालू झाला का?" झाला दादा, तुमच्यामुळे आणि त्या बाईंमुळे. मनापासून थँक्यू दोघांनाही.