देवी हटली ती नुसत्या लशीने नव्हे

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील साथरोगांच्या इतिहासावरचा लेख वाचला. ‘सर्वांना लस टोचली आणि देवीचा रोग संपला’ हे त्यातले विधान अर्धेच खरे आहे. लस १७९६ पासून होती. तरीही १९६७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जोरदार मोहीम हाती घेतली, तेव्हा अनेक देशांत देवी ठाण मांडून होती.

मूळ उद्दिष्ट ८० टक्के लोकांना टोचण्याचे होते. अडचण अशी, की टोचणाऱ्यांच्या हाती शाळेतली तीच ती मुले लागत. भटके, मजूर, तान्ही बाळे राहून जात. अहवालात टक्केवारी भरायची आणि दाट वस्तीत रोग फिरतच राहायचा.

कलाटणी मिळाली ती डिसेंबर १९६६ मध्ये पूर्व नायजेरियात, तीही लशीचा तुटवडा होता म्हणून. तिथे काम करणारे अमेरिकी डॉक्टर विल्यम फेगी यांनी मिशनऱ्यांच्या रेडिओवरून कुठल्या गावात रुग्ण आहेत ते विचारून घेतले, आणि ती गावे व जिथे रोग पोचण्याची शक्यता होती तेवढीच ठिकाणे टोचून काढली. निम्म्याहून कमी लोकांना लस मिळूनही साथ आटोपली.

हे जमले, कारण देवीचा स्वभावच तसा होता. रोग फक्त माणसाला होतो. लागण झाल्यावर साधारण १० ते १४ दिवस रुग्ण ठणठणीत असतो आणि त्या काळात कोणाला रोग देत नाही. पुरळ आले की ते लपत नाही. शिवाय संसर्गानंतर तीन-चार दिवसांत टोचले तरी बहुधा रोग टळतो, निदान सौम्य होतो. म्हणजे रुग्ण सापडला की त्याच्या भोवतीची माणसे गाठायला मुदत मिळते.

प्रत्यक्ष काम मात्र कंटाळवाणे होते. देवी आलेल्या मुलाचे चित्र दाखवत घरोघर विचारत जायचे. रुग्ण सापडला की घरातल्यांची, येऊन गेलेल्या पाहुण्यांचीही यादी करायची आणि शेजारपाजार टोचायचा. दारावर रात्रंदिवस पहारा बसवायचा. घरात धान्य नसेल तर कुटुंब बाहेर पडणारच. म्हणून शहाणी पथके त्याचीही सोय करत. काही ठिकाणी रात्री घरात घुसून जबरदस्तीने टोचले गेले, हेही नोंदवले पाहिजे. अशाने लोक रुग्ण लपवू लागतात.

लस टोचण्याचे साधनही महत्त्वाचे. टोकाला दोन दाते असलेली सुई लशीत बुडवली की दात्यांमध्ये नेमका थेंब अडकतो. सुई कातडीला काटकोनात धरून सुमारे ५ मिलिमीटरच्या वर्तुळात भराभर १५ वेळा टोचायची. थोड्या वेळाने रक्ताचा पुसट ठिपका दिसला नाही, तर हात हलका पडला असे समजावे. जुन्या पद्धतीने २५ जणांना पुरणारी कुपी यामुळे १०० जणांना पुरू लागली. लस गोठवून वाळवलेली असल्याने उन्हातही टिके. आठवड्याभराने फोड आला का, हे पाहायचे असे; न आल्यास पुन्हा टोचायचे. ही शेवटची पायरी गाळली, की टक्केवारी पोकळ.

रुग्ण शोधून त्याच्या भोवती टोचण्याची ही पद्धत कुठे फसते, याचेही दाखले आहेत. १९७० मध्ये जर्मनीतल्या मेशेडे येथे रुग्णालयात वेगळ्या ठेवलेल्या एका रुग्णाचे विषाणू हवेच्या झोताबरोबर वरच्या मजल्यांवर पोचले. नंतर धूर सोडून तो मार्ग पडताळला गेला. युगोस्लाव्हियात १९७२ मध्ये रक्तस्रावी देवीच्या (नेहमीच्या पुरळाऐवजी रक्तस्राव होणारा देवीचा प्रकार) एका रुग्णाला औषधाची ॲलर्जी झाल्याचे समजले गेले. रोग ओळखायला उशीर झाला आणि १७५ जणांना लागण होऊन ३५ दगावले.

हीच रीत २०१५ मध्ये गिनीत इबोलाच्या लशीसाठी वापरली गेली : रुग्णाच्या संपर्कातले आणि त्यांच्याही संपर्कातले टोचायचे. पोलिओला मात्र ती लागू पडत नाही. तिथे लागण झालेल्या बहुतेकांना काहीच लक्षणे नसतात आणि एखादा लुळा पडेपर्यंत विषाणू शेकडो जणांत पसरलेला असतो. अशा रोगात सरसकट लसीकरणाला पर्याय नाही. लेखात हा फरक यायला हवा होता.

आपला,
एक वाचक