आई-बाबा, आयव्हीएफचं ठरलंय

प्रिय आई, बाबा,

फोनवर विषय काढला की आई "जेवलीस का" वर जाते आणि बाबा फोन तिच्या हातात देऊन पडवीत निघून जातात, म्हणून शेवटी लिहायला बसले. मुख्य ते आधीच सांगते. आम्ही आयव्हीएफ करतोय, म्हणजे बीज लॅबमध्ये फलित करून गर्भ माझ्या पोटात ठेवणार. पुढच्या महिन्यात इंजेक्शनं सुरू होतील. ठरलंय आमचं, पण गावात दुसऱ्या कुणाच्या तोंडून तुम्हाला कळावं हे मला नको होतं.

लॅपरोस्कोपीत, त्या पोटाच्या दुर्बिणीच्या तपासणीत, काय निघालं ते तुम्हाला माहितीये. गर्भाशयाच्या दोन्ही नळ्या बंद, औषधाने उघडण्यातल्या नाहीत. बाबा, तुम्ही म्हणालात देवाच्या मनात असेल तर होईल. मी पण तेच म्हणते हो, फक्त डॉक्टरच्या हातून झालं म्हणून ते देवाचं नाही असं मला वाटत नाही. तुमच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर पट्टी काढली तेव्हा तुम्ही आधी कपाळावर क्रूस केलात आणि मग डॉक्टरांचा हात धरलात, मी समोरच उभी होते.

चर्च याला नाही म्हणतं हे मला ठाऊक आहे आणि का म्हणतं तेही मी नीट वाचलंय. १९८७ साली रोमने 'डोनम विटे' नावाचं शिकवणीचं पत्रक काढलं, त्यात दोन गोष्टी आहेत, २००८ मध्ये त्याच पुन्हा सांगितल्या. एक, गर्भ पहिल्या क्षणापासून माणूस आहे, त्याला वस्तूसारखं वापरायचं नाही, फेकायचं नाही. ही मला मनापासून पटते. म्हणून डॉक्टरांना आम्ही आधीच सांगितलंय की जेवढे गर्भ आत ठेवणार तेवढीच बीजं फलित करा, मागे फ्रीजरमध्ये कुणी उरायला नको. त्याने चान्स कमी होतो असं त्या म्हणाल्या. होऊ दे.

दुसरी गोष्ट, मूल नवरा-बायकोच्या मीलनातूनच यायला हवं, लॅबने त्याची जागा घ्यायची नाही. ही मला नाही पटत. खूप प्रयत्न केला पटवून घ्यायचा, प्रार्थनेत सुद्धा, तरी नाही. सुई दिसली की तोंड फिरवणारा तुमचा जावई आता यूट्यूब लावून संत्र्यावर इंजेक्शन टोचायची प्रॅक्टिस करतोय, कारण रोज रात्री मला तोच देणार आहे, मग यात आमचं लग्न कुठे बाजूला पडलं सांगा.

बाबा, तुम्हाला ते ३३ दिवसांचे पोप आवडतात ना, जॉन पॉल पहिले. १९७८ च्या जुलैमध्ये इंग्लंडमध्ये पहिली टेस्ट ट्यूब बेबी झाली तेव्हा ते व्हेनिसचे कार्डिनल होते. चर्चची शिकवण त्यांनी सोडली नाही, पण त्या बाळाला शुभेच्छा दिल्या आणि म्हणाले, आईवडिलांना दोषी ठरवायचा मला अधिकार नाही. त्यांना २०२२ मध्ये धन्य घोषित केलंय, संतपदाच्या आधीची पायरी ती. मला ते वाचून रडू आलं.

इथल्या फादरांशीही बोलले. शिकवण बदलून सांगता येणार नाही असं स्पष्ट म्हणाले, ते मला आवडलं, उगाच गोड बोलले नाहीत. पण बाळाचा बाप्तिस्मा होणार, त्याला कुणी अडवत नाही, तेव्हा आई तू ती काळजी आत्ताच सोडून दे. आणि मी चर्चमधली मिस्सा सोडणार नाहीये, रोझरीची जपमाळ सोडणार नाहीये. तुम्ही दिलेला विश्वास माझाच आहे, एका मुद्द्यावर मन वेगळं झालं म्हणून तो टाकून देणारी मुलगी नाहीये मी. आजीला नऊ मुलं आणि आम्ही दोघंच, तुम्ही देवासमोर काय ठरवलंत ते मी कधी विचारलं नाही. विचारणारही नाही. तसंच माझ्यासाठी थोडं जमेल का?

आई, तू दर सप्टेंबरला वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेत बाळासाठी नवस म्हणून मेणाचं बाळ वाहतेस हे दादाने सांगितलं मला. पिशवीत रुमालात गुंडाळून नेतेस म्हणे, गर्दीत पाय मोडू नये म्हणून. आई गं. या वर्षी पण ने. मला तुझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचंय, बस.

माझी काळजी करू नका. रजा मंजूर झालीये, सासूबाई येऊन राहणारेत, डबा घरचा, हॉस्पिटल रिक्षाने दहा मिनिटांवर आहे.

आता बाबा, तुम्ही. पहाटेच्या मिस्साला उपाशीपोटी जायचं नाही. शुगरची गोळी घेऊन रिकाम्या पोटी गुडघे टेकता आणि मग चक्कर येते. कम्युनियनचा प्रसाद घेण्याआधीचा तासाभराचा उपवास म्हाताऱ्या आणि आजारी माणसांना लागू नाही, हा चर्चचाच नियम आहे, आणि उपवासकाळातल्या उपवासाची सक्ती पण साठीनंतर नसते. दोन बिस्किटं खाऊन निघायचं. टॉर्च घ्यायचा. विहिरीचा पंप दुरुस्त होईपर्यंत आईने कळशी उचलायची नाही, दादाला सांगितलंय मी.

वाचून झालं की लगेच फोन नका करू, दोघं बसून बोला आधी. रविवारी मिस्सानंतर करा, आणि या वेळी फोन बाबांनी करायचा.

तुमची,
बाय