माळ्यावरचा रुमाल

पुणे, रविवार

तीर्थस्वरूप बाबा आणि आई यांना साष्टांग नमस्कार, वि. वि.

परवा तुमचा निरोप घेतल्यावर पुण्याची गाडी न धरता मी आधी वाईजवळच्या मेणवलीला जाऊन आलो. आपला वाडा पाडायचा ठरल्यापासून घरात चौरस फुटांखेरीज दुसरे बोलणे नाही, म्हणून एक उभा वाडा डोळे भरून पाहावासा वाटला.

नाना फडणविसांच्या त्या वाड्याची हकीकत, बाबा, मी तुमच्याच तोंडून ऐकलेली आहे : १७६८ साली इनाम मिळालेले गाव, कृष्णेत उतरणारा घाट, सहा चौक, आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतल्यावर तिकडून आणलेली, मेरी आणि बाळ येशू कोरलेली घंटा, जी मेणेश्वराच्या शेजारी आजही गुण्यागोविंदाने टांगलेली आहे. घंटेची गोष्ट तुम्ही दर वेळी रंगवून सांगायचात. दप्तराची मात्र कधीच सांगितली नाहीत. १८०० मध्ये नाना गेले, १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, तरी त्यांचे खाजगी कागद रुमालांत बांधलेले मेणवलीलाच राहिले होते. पुढे साताऱ्याच्या दत्तात्रय बळवंत पारसनिसांनी ते मिळवले, त्यांतले काही छापले, आणि आज ते दप्तर इथे पुण्यात डेक्कन कॉलेजात आहे. वाईचेच सांगायचे तर इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांना तिथल्या एका जुन्या घरात पत्रांचे घबाड सापडले आणि त्यातून १८९८ साली त्यांचा ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. पानिपतापर्यंतच्या काळाबद्दल आपण आज जे ठामपणे बोलतो, त्यातले बरेचसे त्या पत्रांच्या जोरावर.

हे सगळे लिहिण्याचे कारण आपल्या माळ्यावरचा, जुने कागद बांधलेला रुमाल. गेल्या आठवड्यात लाकूडवाला येऊन सागवानी तुळया घनफुटांवर मोजून गेला, भांडीवाल्याने हंडे-घंगाळी तोलली, दिंडी दरवाजाच्या पितळी कड्यांनाही गिऱ्हाईक मिळाले. त्या गाठोड्याला तेवढा कोणी भाव सांगितला नाही, आणि तुम्ही म्हणालात, ‘त्यात काय असणार, देणीघेणी आणि भाऊबंदकी, घाल रद्दीत.’ बाबा, तुमचे म्हणणे खरेही असेल. आपण काही फडणीस नव्हतो. पण मी वरचा एक कागद उलगडून पाहिला. शिरोरेषा एका दमात पानभर ओढलेली, खाली मोडी अक्षरे एकमेकांत गुंतून लोंबकळणारी, शाई तांबूस झालेली, आणि कोपऱ्यात हळदीचा अस्पष्ट डाग. मला वाचता आला तो फक्त माथ्यावरचा ‘श्री’. आई म्हणाली की ती कुणाच्या तरी लग्नाची याद असावी, कारण आजेसासूबाई असल्या यादीला हळदीचे बोट लावून ठेवत. म्हणजे ओसरीवर कोणती पंगत बसली, आडाचे पाणी कोणी भरले, माजघर कधी वाढवले, पडवी कोणत्या वाटणीत गेली, हे विचारायला आपल्याकडे आता तो रुमालच उरला आहे. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर फक्त नावे आणि क्षेत्रफळ मिळते.

वाडा पाडू नका, असे मी म्हणणार नाही. मागची भिंत पावसाळ्यात कशी फुगते ते मी पाहिले आहे, आणि या वयात तुम्ही त्या जिन्यावरून चढउतार करावी असे मला मुळीच वाटत नाही. मोडीच्या वर्गाला मी नाव घातले आहे. ते साधले नाही तर जाणकार वाचकाला पैसे देऊन वाचून घेईन.

तोवर रुमाल सोडू नये, उन्हातही घालू नये. घडीवर ताण आला की कागद तुटतो. आईने डब्यातले वेखंडाचे दोन तुकडे त्यात ठेवावेत आणि गाठोडे वाळवी लागलेल्या कोनाड्यातून काढून देवघराच्या फळीवर ठेवावे. लाकूडवाला बुधवारी येणार आहे, मी मंगळवारी रात्रीच पोहोचतो. जेवायला थांबू नका.

तुमचा,
धाकटा